बोटीवरचा पालथा पेला

४ सप्टेंबर १८८८ रोजी ‘क्लाइड’ नावाच्या आगबोटीने मुंबई बंदर सोडले आणि ती इंग्लंडच्या दिशेने निघाली. बोटीच्या दुसऱ्या वर्गात एक लाजाळू काठियावाडी तरुण होता. वयाची एकोणीस वर्षेही त्याने अद्याप पूर्ण केली नव्हती. बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस निघालेल्या या मोहनदास गांधींनी घर सोडण्यापूर्वी आईसमोर प्रतिज्ञा घेतली होती. मद्य, मांस आणि परस्त्री यांना स्पर्श न करण्याची ती प्रतिज्ञा बेचरजी स्वामी या जैन साधूंनी दिली होती.

त्या प्रवासातील भोजनाची हकीकत गांधीजींनी पुढे आत्मचरित्रात प्रांजळपणे सांगितली आहे. बोटीच्या भोजनगृहात ते जेवावयास गेलेच नाहीत. काटे-सुऱ्या धरण्याची सवय नव्हती, इंग्रजी बोलण्याचा संकोच वाटे आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे वाढप्याला विचारण्याचे धैर्य होत नव्हते. घरून बरोबर घेतलेली मिठाई आणि फळे यांवरच बहुतांशी निर्वाह करून त्यांनी केबिनमध्ये दिवस काढले. एका सहृदय इंग्रज प्रवाशाने त्यांना बजावलेही, की तांबड्या समुद्रापर्यंत हे ठीक आहे, बिस्केच्या उपसागरात मात्र हा हट्ट सोडावा लागेल. बिस्केचा उपसागर आला आणि गेला. हट्ट सुटला नाही.

व्रत टिकले, पण पंगत सुटली. ज्या प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे, तो नेमका या दोन गोष्टींमधील आहे. सव्वाशेहून अधिक वर्षे लोटल्यानंतर, आज मराठी मध्यमवर्गीय कुटुंबे मोठ्या संख्येने पर्यटनाच्या बोटींवर जाऊ लागली असताना, मद्य न घेणाऱ्या माणसाला आपले व्रत सांभाळून सन्मानाने पंगतीत बसता येते काय?

बंदी गेली, पेच उरला

एके काळी हा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण समुद्र ओलांडणेच निषिद्ध होते. परदेशगमन करून आलेल्यास प्रायश्चित्त घ्यावे लागे. आणि त्यामागे जी भीती होती, ती लाटांची नव्हे, तर ताटाची होती. बोटीवर काय खावे, काय प्यावे, कोणाच्या हातचे घ्यावे, या शंकेने समाजाने आपल्याच पायांत बेडी घालून घेतली. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी हिंदू समाजाच्या ज्या सात स्वदेशी बेड्या सांगितल्या, त्यांत रोटीबंदीबरोबरच सिंधुबंदीचाही समावेश आहे, तो याच कारणाने. ज्या समाजाच्या पूर्वजांची गलबते दूरदूरच्या बेटांपर्यंत जात होती, त्याच समाजाने समुद्राकडे पाठ फिरवावी, याची खंत सावरकरांना होती. ती बेडी तुटली हे उत्तमच झाले.

परंतु बेडी तुटल्यानंतर पुढचा प्रश्न सुटला असे मात्र नाही. घरी राहून व्रत पाळणे सोपे असते, कारण तेथे परीक्षाच नसते. बाहेर जाऊन, चार निरनिराळ्या लोकांत मिसळून, कोणाला न दुखावता आणि स्वतः न वाकता व्रत पाळणे, ही खरी कसोटी. गांधीजी लंडनला पोहोचल्यावर या कसोटीस कसे उतरले, तेही उद्बोधक आहे. बॅरिस्टर होण्यासाठी संस्थेतील ठरावीक भोजनांना उपस्थित राहणे आवश्यक असे. चौघांच्या मेजावर मद्याच्या दोन बाटल्या येत. गांधीजी घेत नसत. साहजिकच प्रत्येक चौकडीला हा चौथा गडी हवासा वाटे, कारण मग दोन बाटल्या तिघांतच संपवता येत! बोटीवर केबिनमध्ये लपलेला तरुण येथे भर पंगतीत बसला. सोबत्यांनी त्याला टाळले नाही, उलट बोलावून घेतले. व्रत तेच होते, संकोच तेवढा गेला होता.

मद्याविना पर्यटन अशक्य काय?

‘पर्यटनाचा धंदा दारूवाचून चालत नाही,’ असे विधान गोव्यापासून मुंबईपर्यंत सर्रास ऐकू येते. इतिहास याची साक्ष देत नाही. आधुनिक पर्यटन व्यवसायाचा जनक म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, तो टॉमस कुक हा मुळात मद्यपानविरोधी चळवळीचा कार्यकर्ता होता. ५ जुलै १८४१ रोजी त्याने लेस्टरहून लाफबरो येथे सुमारे पाचशे माणसांची जी पहिली आगगाडीची सहल नेली, ती मद्यपाननिषेधाच्या सभेसाठी होती. भाडे होते माणशी एक शिलिंग. मजुराला गुत्त्याऐवजी विरंगुळ्याचे दुसरे साधन मिळावे, या तळमळीतून जो व्यवसाय जन्मला, त्याच व्यवसायाचा आज मद्य हा आधारस्तंभ मानला जावा, हा काळाचा विनोदच म्हणावा लागेल.

खलाशी आणि दारू यांचे नातेही असेच अतूट मानले जाई. अमेरिकेचे नौदलमंत्री जोसेफस डॅनियल्स यांनी १९१४ साली एका आदेशाने आपल्या नौदलाच्या सर्व जहाजांवर मद्याला बंदी केली, तेव्हा पुष्कळ थट्टा झाली. अमेरिकेचे नौदल त्यामुळे दुबळे झाले, असे आजवर कोणी म्हटलेले नाही. ब्रिटिश नौदलात खलाशांना रोज मिळणारा रमचा रतीब शतकानुशतके चालत आला होता. तोही ३१ जुलै १९७० रोजी बंद झाला. अचूक यंत्रे हाताळणाऱ्या माणसाचे डोके ठिकाणावर असावे, इतके साधे कारण त्यामागे होते.

पर्यटनाच्या बोटींचीही उदाहरणे आता आहेत. १३ जानेवारी २०२३ रोजी वाराणसीहून ‘गंगा विलास’ ही नदीवरील बोट पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते मार्गस्थ झाली. अठरा दालने, छत्तीस प्रवासी, एक्कावन्न दिवस, सत्तावीस नद्या आणि बांगलादेशमार्गे दिब्रुगडपर्यंत सुमारे ३,२०० किलोमीटर, असा तो प्रवास. बोटीवर भारतीय शाकाहारी भोजन मिळेल, मांस आणि मद्य मिळणार नाही, असे संचालकांनी जाहीर केले होते. पहिल्या फेरीचे प्रवासी होते स्वित्झर्लंडचे. ज्या देशात जेवणाबरोबर वाइन हा नित्याचा भाग आहे, तेथील माणसे भरघोस पैसे मोजून गंगेच्या प्रवाहावर डाळ-भाजी खाण्यास आली. त्यांना जे घरी मिळत होते, त्यासाठी ती आली नव्हती. जे येथेच मिळते, त्यासाठी आली होती.

समुद्रावरील उदाहरण सौदी अरेबियाचे आहे. डिसेंबर २०२४ मध्ये जेद्दाहहून ‘अरोया’ ही ३३५ मीटर लांबीची प्रचंड बोट मद्याविना पर्यटनास निघाली. ही बोट पूर्वी पूर्व आशियातील जुगार आणि मद्य यांसह चालणाऱ्या व्यवसायात होती. सौदीचा कायदा आणि तेथील धर्मनियम वेगळे. त्यांचे अनुकरण करावे असे कोणी म्हणणार नाही. भारतातील माणसाने संयम पाळावा तो राजदंडाच्या भयाने नव्हे, स्वेच्छेने. पण तीन हजारांहून अधिक प्रवाशांची बोट मद्याच्या उत्पन्नाविना आखता येते, एवढी गोष्ट मात्र त्यातून सिद्ध होते.

पेल्यामागचे गणित

मग बहुतेक बोटींवर मद्याचा एवढा आग्रह का? याचे उत्तर रसिकतेत नाही, जमाखर्चात आहे. जगातील सर्वांत मोठ्या पर्यटन-बोट कंपनीच्या २०२३ च्या हिशेबात एकूण उत्पन्नाचा सुमारे एक तृतीयांश भाग तिकिटांचा नव्हता, तर प्रवासी बोटीवर चढल्यानंतर जो खर्च करतात त्याचा होता. यात मद्य, जुगार, किनाऱ्यावरील सहली, खरेदी हे सारे येते. तिकीट स्वस्त ठेवावयाचे आणि उणीव आत भरून काढावयाची, असा हा व्यवहार. जेवणाच्या दरात पाणी, चहा आणि सकाळचा फळांचा रस बहुधा मिळतो. पण खरा नफा पेल्यात असतो.

म्हणूनच रोजच्या ठरावीक दरात हवे तेवढे मद्य देणारी ‘पॅकेजे’ तिकिटाबरोबरच पुढे केली जातात आणि त्यावर अठरा ते वीस टक्के सेवाशुल्क चढते. पैसे आधीच भरलेले असल्याने ते ‘वसूल’ करण्याची इच्छा माणसाला होते आणि दोन पेल्यांवर थांबणारा सहाव्यापर्यंत पोहोचतो. त्याहून विलक्षण नियम काही मोठ्या परदेशी कंपन्यांचा आहे. केबिनमधील एका प्रौढाने मद्याचे पॅकेज घेतले तर त्याच केबिनमधील दुसऱ्या प्रौढानेही ते घेतले पाहिजे! नवरा घेणारा आणि बायको न घेणारी असेल, तर सवलतीची विनंती करण्याचे काम तिचे. येथे न पिणारा माणूस हा पाहुणा राहत नाही, अपवाद ठरतो. आणि अपवादाला नेहमीच खुलासा द्यावा लागतो.

भारतीय किनाऱ्यावरील चित्र संमिश्र आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून ‘कॉर्डेलिया’च्या सफरी सुरू झाल्या, तेव्हा जैन आणि शाकाहारी भोजनाची स्वतंत्र सोय आवर्जून करण्यात आली. ही स्वागतार्ह गोष्ट होय. ग्राहक मागणी करतो तेव्हा कंपनी ऐकते, हे त्यावरून दिसते. कांदा-लसूण न खाणाऱ्याची सोय होऊ शकते, कारण त्याने ती ठामपणे मागितली. मद्य न घेणाऱ्याने मात्र आजवर काही मागितलेलेच नाही. तो हसून ‘नको’ म्हणतो आणि पेला पालथा ठेवतो.

ताटात लपलेले मद्य

‘ज्याला नको त्याने पिऊ नये, यात अडचण कोणती?’ असा प्रश्न येथे विचारला जाईल. अडचण अशी, की पाश्चात्त्य पद्धतीच्या जेवणात मद्य पेल्यातच असते असे नाही. तिरामिसू या इटालियन गोड पदार्थात बहुधा रम किंवा मार्साला वाइन असते. इंग्रजी ट्रायफलमध्ये शेरी, चीज-फॉन्ड्यूमध्ये वाइन, रस्स्यांमध्ये लाल वा पांढरी वाइन घालण्याची रीत आहे. केळी अथवा चेरीवर मद्य ओतून मेजापाशीच ज्वाळा पेटवण्याचा प्रकार तर मुलांना गंमत म्हणून दाखवला जातो. हे सारे पदार्थ मांसविरहित असल्याने शाकाहारी माणूस निःशंकपणे घेतो.

‘शिजवताना ते उडून जाते,’ ही समजूत सार्वत्रिक आहे आणि ती अपुरी आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने प्रसिद्ध केलेल्या तक्त्यानुसार, ज्वाळा पेटवलेल्या पदार्थात मद्यार्काचा सुमारे पाऊण हिस्सा उरतो. पंधरा मिनिटे शिजवल्यावर चाळीस टक्के, एका तासानंतर पंचवीस टक्के आणि अडीच तासांनंतरही पाच टक्के शिल्लक राहतो. ‘अल्कोहोल-फ्री’ म्हणून मिळणाऱ्या बिअरमध्ये अनेक देशांच्या नियमांप्रमाणे अर्धा टक्क्यापर्यंत मद्यार्क चालतो. माळ घातलेल्या वारकरी आजोबांना, गर्भवती सुनेला किंवा मोठ्या निर्धाराने व्यसनमुक्त झालेल्या भावाला हे माहीत असण्याचा हक्क नाही काय? शेवटच्या माणसासाठी तर हा आवडीनिवडीचा प्रश्न नाही, जगण्याचा आहे. वर्षानुवर्षांच्या प्रयत्नाने मिळवलेली मुक्ती एका गोड चमच्याने डळमळू शकते.

‘सहलीत चालते’

बाहेरच्यांकडे बोट दाखवून झाल्यावर थोडे घरातही पाहिले पाहिजे. बोटीवर मद्य आले ते केवळ कंपनीच्या लोभाने, असे म्हणणे आत्मवंचना ठरेल. ज्या घरात देवघर आहे, शनिवारी मारुतीला जाण्याची पद्धत आहे, मुलांना शाखेत अथवा संस्कारवर्गाला धाडले जाते, त्या घरातील कर्ता पुरुषही किनारा दिसेनासा झाला की ‘सहलीत चालते’ म्हणतो. शेजारी नसतात, नातेवाईक नसतात, थोरल्यांची नजर नसते. मग प्रश्न पडतो, की घरी जे पाळले जात होते ते व्रत होते की शेजाऱ्यांचा धाक?

समोर बसलेली बारा-तेरा वर्षांची मुले हे पाहत असतात. त्यांना उपदेशाची भाषा कळत नाही, अपवादाची मात्र चटकन कळते. ‘आनंद साजरा करावयाचा तर हातात पेला हवा,’ हा धडा त्यांना कोणत्याही जाहिरातीने दिला नसेल इतक्या परिणामकारकपणे वडील देतात. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच सांगितले, की आरोग्याच्या दृष्टीने मद्याची कोणतीही मात्रा सुरक्षित म्हणता येत नाही. मद्य हे कर्करोगकारक असल्याचे तर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच नोंदवले आहे. ‘थोडीशी तब्येतीला चांगली’ ही सबबही आता उरलेली नाही.

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील स्त्रियांनी ‘उभी बाटली की आडवी बाटली’ या मतदानात दिवसभराची मजुरी बुडवून बाटली आडवी केली आहे. गावगुंडांच्या धमक्या सोसून त्यांनी दुकाने बंद पाडली. त्यांनी कोणाचा पाठिंबा मागितला असेल, तर तो सुशिक्षित मध्यमवर्गाचा. त्या मध्यमवर्गाने गावातील गुत्त्याला ‘समस्या’ म्हणावे आणि बोटीवरील बारला ‘जीवनशैली’ म्हणावे, हा दुटप्पीपणा त्या स्त्रियांच्या लक्षात येत नसेल असे समजू नये.

पंगतीचा धर्म

याचा अर्थ बोटीवर जाऊ नये, किंवा गेल्यास शेजारच्या मेजावरील माणसाला प्रवचन द्यावे, असा मुळीच नाही. पंगतीत बसून दुसऱ्याच्या पानातील पदार्थावर टीका करणे हे कोणत्याच संस्कृतीत सभ्य मानलेले नाही. सहप्रवाशाने ‘चिअर्स’ म्हणून पेला उंचावला, तर कोकम सरबताचा पेला तितक्याच प्रसन्नतेने उंचावता येतो. शुभेच्छा भावनेत असते, द्रवात नसते. व्रतस्थ माणूस आंबट चेहऱ्याचा असतो, ही समजूत दूर करण्याची जबाबदारी व्रतस्थांचीच आहे. लंडनमधील चौकडीत गांधीजी हवेसे वाटत, ते केवळ बाटलीच्या वाट्यामुळे असे मानले, तरी नकोसे वाटत नव्हते हे खरेच.

मात्र सौजन्य म्हणजे मौन नव्हे. तिकीट काढतानाच मद्यविरहित भोजनाची लेखी सूचना द्यावी. पहिल्याच सायंकाळी मुख्य वाढप्याला भेटून रस्से आणि गोड पदार्थ यांविषयी विचारून घ्यावे. बहुतेक भोजनगृहांत दुसऱ्या दिवसाची विशेष मागणी आदल्या रात्री घेतली जाते. एका कुटुंबाने विचारले तर ती लहर ठरते, शंभर कुटुंबांनी विचारले तर ती बाजारपेठ होते.

भारतीय कंपन्यांकडून आणखी तीन गोष्टींची अपेक्षा करणे गैर नाही. पहिली म्हणजे, पाकिटबंद पदार्थांवर २००१ पासून जसा शाकाहाराचा हिरवा ठिपका आला, तशी मद्य असलेल्या प्रत्येक पदार्थासमोर भोजनपत्रिकेत स्पष्ट खूण असावी. दुसरी, मोठ्या बोटीवरील अनेक भोजनगृहांपैकी एक तरी पूर्णपणे मद्यमुक्त असावे, आणि ते तळमजल्याच्या कोपऱ्यात नव्हे, तर समुद्र दिसेल अशा ठिकाणी. तिसरी, न पिणाऱ्याच्या पुढ्यात साखरेचे रंगीत पाणी ठेवून त्याची बोळवण करू नये. पन्हे, सोलकढी, मठ्ठा, नीरा, शहाळ्याचे पाणी ही कोकणपट्टीची पेये कोणत्याही मेजाची शोभा वाढवतील. ‘क्रूझ भारत मिशन’ची घोषणा सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई बंदरातच झाली. २०२९ पर्यंत या प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. या प्रवाशांत मोठा भाग आई-वडील आणि मुले यांना घेऊन निघणाऱ्या कुटुंबांचा असणार, हे कंपन्यांनी ध्यानात घेतलेले बरे.

मुंबई बंदरातून आजही पर्यटनाच्या बोटी सुटतात. त्यांच्या कठड्याशी उभे राहून मागे पडणाऱ्या शहराकडे पाहताना कोणा आजीच्या मनात शंका येईल, की आत जेवावयास जावे की पिशवीतील दशम्या केबिनमध्येच उघडाव्यात. तिने आत जावे. नातवंडांसह मधल्या मेजावर बसावे, समोरचा काचेचा पेला शांतपणे पालथा करावा आणि वाढप्याला, हव्या त्या भाषेत, सोलकढी आहे का असे विचारावे. ती नसेल तर पुढच्या फेरीस असावी, एवढे सांगून ठेवावे. ‘क्लाइड’वरील त्या तरुणाला जे विचारण्याचे धैर्य झाले नाही, ते विचारणे आज तिला सहज शक्य आहे.